एका टेबलावरची दोन निर्भय माणसे : पर्वरी, १९८६

१/ ६ एप्रिल १९८६. गोव्यातील पर्वरी येथील 'ओ कोकेरो' हे उपाहारगृह. मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी तेथे चार्ल्स सोभराजला पकडले. झेंडे यांनी १९७१ मध्येही त्याला मुंबईत जेरबंद केले होते.

२/ तीनच आठवड्यांपूर्वी, १६ मार्चला, सोभराजने वाढदिवसाच्या निमित्ताने तिहार कारागृहातील पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध घातलेली मिठाई चारली आणि तो दरवाजातून बाहेर पडला.

३/ लाघवी बोलणे, अनेक भाषांवर प्रभुत्व, संकटातही न ढळणारा शांतपणा : हे त्याचे गुण वृत्तपत्रांनी इतके रंगवले की त्याच्या बळींची नावे मागे पडली.

४/ अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ मध्येच या कोड्याकडे लक्ष वेधले होते. सायकोपथीची लक्षणे सांगताना त्यांनी वरवरची मोहकता, चांगली बुद्धी व अस्वस्थतेचा अभाव यांची नोंद पश्चात्तापाच्या अभावाशेजारीच केली. वेड नाही, भ्रम नाही. शहाणपणाचा मुखवटा मात्र पूर्ण आहे.

५/ २००९ मध्ये ख्रिस्तोफर पॅट्रिक व सहकाऱ्यांनी या स्वभावाचे तीन धागे मांडले : धाडस, निर्दयता आणि संयमाचा अभाव. पहिला धागा एकटा असेल, तर तो सैनिकाला वा शल्यविशारदाला उपकारकच ठरतो. घात होतो तो उरलेल्या दोहोंची जोड मिळाल्यावर.

६/ सोभराजचे दुरून निदान करणे उचित नव्हे; परंतु त्याच्या चरित्रात हे तिन्ही धागे दिसतात. प्रवाशांशी मैत्री करायची, त्यांना औषध पाजायचे आणि आजारी पडल्यावर स्वतःच शुश्रूषेला बसायचे, ही त्याची रीत. जुलै १९७६ मध्ये दिल्लीत फ्रेंच पर्यटकांच्या गटावर हाच प्रयोग फसला व तो पकडला गेला.

७/ संयमाचा अभाव पुढेही भोवला. १९९७ मध्ये भारतातून सुटलेला हा माणूस २००३ मध्ये आपण होऊन नेपाळला गेला. जुन्या खुनाचा आरोप तेथे त्याची वाट पाहत होता. २००४ मध्ये त्याला जन्मठेप झाली. डिसेंबर २०२२ मध्ये वय व प्रकृती पाहून त्याची मुक्तता करण्यात आली.

८/ आता पुन्हा पर्वरीचे ते टेबल पाहावे. खुनाचा आरोप असलेल्या माणसावर झडप घालणारे झेंडेही निर्भयच होते. धाडस दोघांकडे होते. फरक इतकाच, की एकाचे धाडस दुसऱ्याच्या जिवाची किंमत जाणत होते.

९/ त्या उपाहारगृहात पुढे पुतळा बसला तो सोभराजचा. पर्यटक त्याच्याशेजारी बसून छायाचित्रे काढतात. मुखवटा किती मोहक होता, याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागत नाही.