व्हिएन्ना नगरीतील भाडेकरू आणि वास्तव्याची शाश्वती

१

एखाद्या प्राचीन नगराचा इतिहास लिहिताना राजवाडे, प्रार्थनामंदिरे आणि तटबंदी यांकडे अभ्यासकाचे लक्ष सहजच वेधले जाते. त्या नगरात राहणाऱ्या बहुसंख्य माणसांना निवारा कसा मिळाला आणि तो त्यांच्याकडे किती काळ टिकला, या प्रश्नाचा विचार मात्र क्वचितच होतो. व्हिएन्नाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. त्या नगरीतील सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबे आजही भाड्याच्या घरातच राहतात. तेव्हा तेथील भाडेकरूचा इतिहास हा एका परीने नगरीचाच इतिहास होय.

घर मिळण्याचा प्रश्न व्हिएन्नात केवळ घरांच्या संख्येचा कधीच नव्हता. घर कोणाला व किती मुदतीसाठी द्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा त्याचा खरा गाभा होता. हा अधिकार दरबाराकडून घरमालकाकडे, घरमालकाकडून कायद्याकडे आणि पुढे काही अंशी नगरपालिकेकडे कसा गेला, त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२

सोळाव्या शतकात हाब्सबुर्ग घराण्याचे वास्तव्य व्हिएन्नात स्थिरावू लागले, तसा दरबारी अधिकाऱ्यांचा परिवारही तेथे वाढला. तटबंदीच्या आतील जागा मर्यादित होती. म्हणून नगरातील घरमालकांनी आपल्या घराचा काही भाग दरबारी सेवकांना नेमून दिलेल्या दराने राहावयास द्यावा, असे बंधन घालण्यात आले. कोणाच्या घरात कोणी राहावे हे ठरविण्यासाठी दरबारचा स्वतंत्र अधिकारी असे. घर नागरिकाच्या मालकीचे, परंतु त्यात कोण राहणार याचा निर्णय दरबाराचा, अशी ही व्यवस्था सुमारे अडीच शतके टिकली आणि जोसेफ दुसरा याच्या कारकिर्दीत, १७८१ मध्ये, संपुष्टात आली. साध्या कारागिराला मात्र या काळात तटाबाहेरील उपनगरांतच आसरा शोधावा लागे.

१७०४ मध्ये या उपनगरांभोवती ‘लिनियनवाल’ नावाचा दुसरा तट उभारण्यात आला. पुढे १८२९ पासून तेथे उपभोग्य वस्तूंवरील कर वसूल होऊ लागल्याने तटाच्या आत राहणे महाग आणि बाहेर राहणे स्वस्त झाले. ओटाक्रिंग व हेर्नाल्स यांसारखी बाहेरची गावे कामगारांच्या वस्त्या म्हणून वाढली, यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

३

२० डिसेंबर १८५७ च्या आज्ञेने सम्राट फ्रान्ट्स योझेफ याने आतील तटबंदी पाडण्याचा निर्णय घेतला आणि १ मे १८६५ रोजी रिंगश्ट्रासे या भव्य मार्गाचे उद्घाटन झाले. त्या मार्गावर इमारती बांधणाऱ्यांना दीर्घ मुदतीची करमाफी मिळाली. त्याच काळात बोहेमिया व मोराविया येथून आलेल्या लक्षावधी श्रमिकांना मात्र बाहेरच्या वस्त्यांतील भाड्याच्या बराकींतच जागा मिळत होती. १९१० मध्ये, उपनगरे व गावे सामील झाल्यानंतर, नगरीची लोकसंख्या वीस लक्षांवर गेली होती.

या बराकींची रचना ठराविक होती. एक खोली आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला उजेड मिळे तो सामाईक बोळातून. पाण्याचा नळ आणि शौचकूपही त्याच बोळात. या सामाईक नळाला ‘बासेना’ म्हणत. भूखंडाचा सुमारे ८५ टक्के भाग बांधकामाने व्यापलेला असे. एवढे करूनही भाडे परवडत नसे. म्हणून अनेक कुटुंबे पोटभाडेकरू ठेवीत. ज्याला खोलीही परवडत नसे तो केवळ झोपण्यापुरता बिछाना भाड्याने घेई. अशा माणसासाठी ‘बेटगेयर’ असा स्वतंत्र शब्दच तेथील भाषेत रूढ होता. ऑयगेन फॉन फिलिप्पोविच या अर्थशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये व्हिएन्नातील निवासस्थितीवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि या दाटीकडे विद्वानांचे लक्ष वेधले.

तथापि दाटीहूनही अधिक जाचक होती ती अशाश्वती. मालक अल्प मुदतीची सूचना देऊन भाडेकरूस बाहेर काढू शकत असे आणि भाडे वाढविण्यावर त्याला कसलेच बंधन नव्हते. एका घरातून दुसऱ्या घरात हातगाडीवरून संसार नेणे हे कामगाराच्या आयुष्यातील नित्याचेच कर्म होऊन बसले होते. १७ सप्टेंबर १९११ रोजी महागाईविरुद्ध जो उद्रेक झाला व ज्यात ओटाक्रिंगच्या रस्त्यांवर माणसे मृत्युमुखी पडली, त्यामागे धान्याच्या किमतींइतकाच घरभाड्याचाही जाच होता.

४

या स्थितीत मूलगामी पालट झाला तो कोणा सुधारकाच्या उपदेशाने नव्हे, तर महायुद्धाने. पुरुष आघाडीवर लढत असता त्याच्या बायकामुलांना घराबाहेर काढले जाणे राज्यसत्तेला परवडणारे नव्हते. म्हणून २६ जानेवारी १९१७ रोजी भाडेकरू-संरक्षणाचा आदेश निघाला. भाडेवाढीवर आणि घर खाली करून घेण्याच्या मालकाच्या अधिकारावर त्याने मर्यादा घातल्या. ही तात्पुरती तजवीज होती. परंतु ७ डिसेंबर १९२२ च्या भाडे कायद्याने तिला स्थायी रूप दिले. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या निकटच्या आप्तांना तेच भाडेपत्र पुढे चालविता येऊ लागले. अशा रीतीने मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेला कब्जा हळूहळू वहिवाटीच्या हक्कासारखा झाला.

या हक्काचे दुसरे अंगही लक्षात घेतले पाहिजे. युद्धोत्तर चलनवाढीत बांधलेले भाडे नाममात्र उरले. ज्याच्याकडे घर होते तो ते सोडीना आणि खाजगी भांडवल नवे घर बांधीना. लढाईहून परतलेला शिपाई, नवविवाहित जोडपे, पोटभाडेकरू यांना दार बंद झाले. नगरपालिकेने प्रथम अतिरिक्त खोल्या व रिकामी घरे ताब्यात घेतली. १९२५ पर्यंत अशी सुमारे ४५ हजार घरे गरजूंना देण्यात आली. दरबाराने पूर्वी जो अधिकार आपल्या सेवकांसाठी वापरला, तोच आता लोकनियुक्त सत्तेने बेघरांसाठी वापरला, हे साम्य इतिहासकाराला विचारप्रवृत्त करणारे आहे.

५

मे १९१९ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला नगरसभेत बहुमत मिळाले होते. १ जानेवारी १९२२ पासून व्हिएन्ना हा स्वतंत्र प्रांत झाला आणि त्यास कर बसविण्याचा अधिकार प्राप्त झाला. अर्थखाते सांभाळणाऱ्या ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये चढत्या श्रेणीचा गृहबांधणी कर बसविला. सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का वास्तूंकडून या कराचे सुमारे ४५ टक्के उत्पन्न येत असे. त्याच वर्षी पाच वर्षांत २५ हजार घरे बांधण्याचा ठराव झाला. भाडे गोठल्यामुळे जमिनीच्या किमती घसरल्या होत्या. म्हणजे नवी घरे बांधण्यास खाजगी मालकाला ज्या कायद्याने परावृत्त केले, त्याच कायद्याने नगरपालिकेला स्वस्त जमीन मिळवून दिली.

१९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरे उभी राहिली. आरंभीची बहुतेक घरे अवघ्या ३८ किंवा ४८ चौरस मीटरची होती. परंतु प्रत्येकात स्वतंत्र नळ आणि शौचकूप होता. धुलाईघरे, बालवाड्या, ग्रंथालये सामाईक असत. कार्ल एन या वास्तुविशारदाने योजलेला आणि १२ ऑक्टोबर १९३० रोजी समारंभपूर्वक खुला झालेला कार्ल-मार्क्स-होफ हा एक किलोमीटरहून अधिक लांबीचा, १,३८२ घरांचा समूह या कार्याचे सर्वपरिचित प्रतीक ठरला.

घरांचे वाटप गुणपद्धतीने होई. बेघरपणा, आजार, मुलांची संख्या यांना गुण असत. त्याचबरोबर नागरिकत्व आणि नगरीतील दीर्घ वास्तव्य यांनाही असत. वाटपात पक्षनिष्ठा पाहिली जाते, असा विरोधकांचा आरोप होता. काहीही असो, घर देणाराच पात्रता ठरवितो, हे तत्त्व येथेही कायम राहिले. सत्ता पालटल्यावर त्याची किंमत कळून आली. फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत कार्ल-मार्क्स-होफवर तोफा डागण्यात आल्या. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नात्सी जर्मनीने गिळंकृत केल्यावर नगरपालिकेच्या घरांतील ज्यू भाडेकरूंना प्रथम घराबाहेर काढण्यात आले. पुढे त्यांच्यापैकी अनेकांची रवानगी मृत्युछावण्यांत झाली. अभेद्य वाटणारी वहिवाट केवळ वंशाच्या एका निकषाने क्षणात नाहीशी झाली.

६

दुसऱ्या महायुद्धात नगरीतील सुमारे ८७ हजार घरे राहण्यास निरुपयोगी झाली. १९४७ पासून नगरपालिकेने पुन्हा बांधकाम हाती घेतले. १९७४ नंतर जुन्या बराकी सरसकट न पाडता, रहिवाशांना न हलविता त्यांची सुधारणा करण्याचे धोरण स्वीकारले गेले. १९८१ च्या भाडे कायद्याने संरक्षणाची चौकट नव्याने बांधली; परंतु १९९४ पासून मुदतीच्या करारांना अधिक वाव मिळाला. आज नगरपालिकेची सुमारे २ लक्ष २० हजार घरे आहेत, आणि त्यांत व अनुदानित घरांत मिळून निम्मी नगरी राहते. युरोपातील अन्य राजधान्यांच्या तुलनेत ही प्राप्ती असामान्य आहे.

असे असले तरी नव्याने येणाऱ्याचा प्रश्न सुटलेला नाही. युरोपीय संघाबाहेरील दीर्घकालीन रहिवाशांना नगरपालिकेच्या घरांसाठी अर्ज करण्याचा हक्क २००६ मध्ये मिळाला. २०१५ च्या नियमांनी नगरीतील जुन्या वास्तव्याला पुन्हा अधिक वजन दिले. ज्याला पात्रतेसाठी थांबावे लागते, तो खाजगी मालकाच्या मुदतीच्या करारावर राहतो आणि मुदत संपली की नवे घर शोधू लागतो. हातगाडी गेली, पण मुदत राहिली.

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष असा की, दीर्घ वास्तव्याच्या घराला दोन अंगे आहेत : घरात प्रवेश मिळणे आणि घरातून काढले न जाणे. व्हिएन्नाने शंभर वर्षांत दुसरे अंग जितक्या खंबीरपणे साधले तितके पहिले साधणे तिला जमले नाही. आणि जेथे पहिले साधले, तेथे ते पुरेशी घरे सतत बांधीत राहिल्यानेच साधले. केवळ कायद्याने भाडेकरूचे रक्षण होते, परंतु उद्याच्या भाडेकरूला दार उघडत नाही. आणि ते दार कोणासाठी उघडावयाचे हे ठरविणारी सत्ता न्यायी नसेल, तर आतल्याचेही रक्षण होत नाही, हे १९३८ ने दाखवून दिले आहे.