कौल : देवाचा, सरकारचा आणि चिनी शलाकांचा

आम्हां जामसंडेकरांस 'कौल' हा शब्द देवळांतून परिचयाचा. देवाच्या पाषाणावर पाकळ्या किंवा तांदूळ लावून गुरव गाऱ्हाणें घालतो. उजव्या अंगाची पाकळी गळाली तर सामान्यतः होकार, डाव्या अंगाची गळाली तर नकार. शब्द मूळचा अरबी, अर्थ 'वचन'. सुलतानशाहीपासून पेशवाईपर्यंत परागंदा रयतेनें परत येऊन ओसाड जमीन कसावी म्हणून सरकार कौल देई. इस्ताव्याच्या कौलांत पहिल्या वर्षीं सारा थोडा, पुढें क्रमानें वाढता. म्हणजे कौल हें नुसतें भविष्य नव्हे. तो दुहेरी करार होय.

देवळांतहि हाच अर्थ टिकला आहे. आमच्या दक्षिणेस, मालवण तालुक्यांतील आचरें येथें रामेश्वराच्या कौलानें दर तीनचार वर्षांनीं गांवपळण होते. सारा गांव गुरांकोंबड्यांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतो. चौथ्या दिवशीं पुन्हा कौल लावितात. तो मिळाला तरच गांव भरतो. पहिला कौल गांवानें पाळला, म्हणजे दुसरा मागावयाचा.

अशीच दोन उत्तरांची रीत प्राचीन चीनमध्यें होती. तेथील 'इ चिंग' या ग्रंथांत अखंड व खंडित अशा सहा सहा रेषांच्या ६४ आकृति आहेत. वाळक्या शलाका मोजून प्रत्येक रेषेस ६, ७, ८ किंवा ९ हा अंक येतो. ७ व ८ च्या रेषा स्थिर. ६ ची खंडित रेषा अखंड होते, ९ ची अखंड रेषा खंडित होते. त्यामुळें पहिल्या आकृतींतून दुसरी निघते. एक आजची स्थिति, दुसरी तिचें होणारें रूप.

मग अर्थ लावावा कसा? इ. स. पूर्वी ५३० मध्यें लू राज्यांतील नान ख्वाय नांवाचा कारभारी धन्यावर उठण्याच्या बेतांत होता. पृथ्वीवाचक आकृतीची पांचवी रेषा बदलली. तिचें फळ अत्यंत शुभ. बेत न सांगतां त्यानें ती त्सफू ह्वेइपो या सरदारास दाखविली. त्यानें बजावलें कीं, कार्य निष्ठेचें असेल तरच हें फळ मिळेल. एरव्हीं तें फसेल. बंड फसलें आणि नान ख्वाय छी राज्यांत पळाला.

आकृति खोटी नव्हती; कराराची त्याची बाजूच खोटी होती. आमच्याकडे गाऱ्हाणें मानकऱ्यांसमक्ष मोठ्यानें घालतात. पाकळी गळण्याआधीं प्रश्न काय आहे, हें साऱ्या गांवानें ऐकलेलें असतें. नान ख्वायनें नेमका प्रश्नच लपविला होता.