चांद्रघड्याळाचं दफ्तर

१ मार्च १९६५ ही तारीख ओमेगा स्पीडमास्टर या घड्याळाच्या इतिहासात पक्की आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळसंस्थेनं तीन कंपन्यांच्या मनगटी क्रोनोग्राफ घड्याळांवर ज्या कसोट्या घेतल्या, त्यांचे निष्कर्ष त्या दिवशी नोंदवले गेले. हे घड्याळ आज दुरुस्तीला किंवा जीर्णोद्धाराला घेणाऱ्यानं मशीन उघडण्याआधी हा कागद वाचावा, असं मला आग्रहानं वाटतं. या घड्याळाविषयी पुढे जी बखर रचली गेली, तिच्यापेक्षा त्याचं दफ्तर कितीतरी बोलकं आहे.

बखर सांगते ती कथा अशी : नासाची माणसं ओळख न देता ह्यूस्टनमधल्या कॉरिगन्स नावाच्या दुकानात गेली, शेल्फवरची घड्याळं गुपचूप विकत घेतली आणि त्यांच्या परीक्षा घेतल्या. ओमेगाला याचा पत्ताच नव्हता. जून १९६५मध्ये एड व्हाइट जेमिनी-४ यानाबाहेर तरंगले, त्यांच्या मनगटावरचं घड्याळ छायाचित्रात झळकलं, तेव्हा कुठे कारखान्याला कळलं. अनेक वर्षं ही कथा छापली गेली.

दफ्तर वेगळं सांगतं. सप्टेंबर १९६४मध्ये अंतराळवीरांचे प्रमुख डीक स्लेटन यांनी जेमिनी आणि अपोलो मोहिमांसाठी टिकाऊ क्रोनोग्राफची गरज लेखी मांडली. अभियंता जेम्स रॅगन यांनी घड्याळ कंपन्यांकडून रीतसर दरपत्रकं मागवली. चार कंपन्यांनी प्रतिसाद दिला : रोलेक्स, लाँजिन्स-विटनॉर, हॅमिल्टन आणि ओमेगा. हॅमिल्टननं खिशातलं घड्याळ पाठवलं, मागणी मनगटी घड्याळाची होती, म्हणून ते बाद झालं. उरली तीन. रॅगन यांनी स्वतः पुढे दुकानाची कथा नाकारली. ज्या कंपनीच्या अमेरिकी वितरकानं दर कळवून माल पुरवला, तिच्या बाजूच्या कोणालाच काही ठाऊक नव्हतं, हे म्हणणं या कागदांपुढे टिकत नाही.

मग दुकानाची कथा आली कुठून? तिच्या मुळाशी बहुधा दुसरी, खरी घटना असावी. वॉली शिरा यांनी १९६२च्या ऑक्टोबरात मर्क्युरी मोहिमेत स्पीडमास्टर नेलं होतं. सीके २९९८ या क्रमांकाचं ते घड्याळ त्यांच्या खासगी मालकीचं होतं. अंतराळवीरानं स्वतः घेतलेलं घड्याळ आणि संस्थेनं निविदा काढून घेतलेलं घड्याळ, या दोन गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडी एक झाल्या असाव्यात. हे माझं अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच ते इथे मांडतो.

आता निष्कर्षांकडे. कसोट्या अकरा होत्या. ७१ अंश सेल्सिअसला ४८ तास आणि लगेच ९३ अंशांना अर्धा तास. उणे १८ अंशांना चार तास. ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत २४० तास. शुद्ध प्राणवायूत ४८ तास. सहा दिशांनी ४० जी इतके धक्के. जवळजवळ निर्वात पोकळी, कंपन, १३० डेसिबलचा आवाज. आर्द्रतेच्या कसोटीत रोलेक्स दोनदा बंद पडलं. उष्णतेत त्याचा सेकंदकाटा वाकला आणि इतर काट्यांना घासू लागला. लाँजिन्स-विटनॉरची काच उष्णतेनं वाकून निसटली.

ओमेगा उत्तीर्ण झालं, पण कसं, ते नीट वाचण्याजोगं आहे. दाब काढून घेण्याच्या कसोटीत ते २१ मिनिटं पुढे गेलं. प्रवेगाच्या कसोटीत १५ मिनिटं मागे पडलं. तबकडीवरचा चमकणारा लेप निकामी झाला. तरीही सगळ्या कसोट्या संपल्यावर घड्याळ समाधानकारक चालत होतं, असा शेरा आहे. बखरीतलं घड्याळ निर्दोष असतं, दफ्तरातलं घड्याळ चुकतं आणि तरीही चालत राहतं. माझ्या मते या यंत्राची खरी थोरवी दुसऱ्या चित्रात आहे.

निवडलं गेलेलं मॉडेल होतं एसटी १०५.००३. सरळ कडांची केस, साधे पट्टीसारखे काटे आणि तबकडीवर ‘प्रोफेशनल’ हा शब्द नाही. तो शब्द त्यानंतरच्या १०५.०१२ या मॉडेलवर आला, त्याच्या केसला चावीचं रक्षण करणारा फुगवटाही आला. चांद्रघड्याळ म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांपुढे ‘प्रोफेशनल’ लिहिलेली तबकडी येते. पण डिसेंबर १९७२मध्ये अपोलो-१७चे यूजिन सर्नन चंद्रावरून निघाले, तेव्हा त्यांच्यापाशी होतं ते जुनं १०५.००३. म्हणजे जुन्या १०५.००३ला ‘चांद्र रूप’ द्यायचं म्हणून कोणी ‘प्रोफेशनल’ छापलेली तबकडी बसवली, तर तो खरा इतिहास पुसून बखरीतला इतिहास चढवतो.

उलट बाजूची खंतही याच दफ्तरात आहे. नील आर्मस्ट्राँग यांचं घड्याळ वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. एडविन ऑल्ड्रिन यांचं घड्याळ संग्रहालयाकडे पाठवताना वाटेत हरवलं, असं त्यांनी स्वतः १९७३च्या आत्मकथनात नोंदवलं. चंद्रपृष्ठावर प्रथम वापरलं गेलेलं घड्याळ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते नेमकं हेच. वस्तू गेली की उरलेल्या कागदांवर किती भार पडतो, याचं हे ठळक उदाहरण आहे.

या सगळ्या घड्याळांच्या पोटात एकच मशीन होतं : कॅलिबर ३२१. लेमानिया कारखान्यात आल्बेर पिगे यांच्या आराखड्यावरून १९४०च्या दशकात ते घडलं. व्यास २७ मिलिमीटर, तासाला १८,००० ठोके. क्रोनोग्राफ सुरू करणं आणि थांबवणं हे काम स्तंभचक्र करतं : छोट्या खांबांचा एक गोल, बटण दाबलं की एक पायरी पुढे सरकणारा. त्याच्या हुकमावर जोडचाक आडवं सरकून मधल्या चाकाच्या बारीक दातांत गुंततं आणि सेकंदकाटा धावू लागतो. शून्यावर आणताना हातोडी हृदयाच्या आकाराच्या कॅमवर आदळते. १९६८मध्ये त्याची जागा कॅलिबर ८६१नं घेतली, त्यात स्तंभचक्राऐवजी सोपा कॅम आला आणि ठोके तासाला २१,६०० झाले.

सर्व्हिसिंगची खरी परीक्षा जोडचाकापाशी आहे. दात फार खोल गुंतले, तर क्रोनोग्राफ सुरू करताच बॅलन्सचा झोका आखडतो. कमी गुंतले, तर काटा उडी मारतो किंवा अडखळतो. ही खोली विकेंद्री स्क्रूनं जुळवायची असते, आणि त्या दातांना तेल लावायचं नसतं, कारण तेल धूळ धरतं आणि जोडणी जड करतं. जुळवाजुळव न करता चाकच बदलून टाकणं सोपं वाटतं. पण दोष बहुतेक वेळा चाकात नसून जुळणीत असतो. मूळ चाक गेलं की त्या मशीनच्या अंगातली एक खरी गोष्ट कायमची गेली.

कारखान्याच्या नोंदवहीत जुन्या घड्याळाविषयी काय सापडतं? मशीनचा अनुक्रमांक, मॉडेल, कोणत्या तारखेला तयार झालं आणि कोणत्या देशात पाठवलं गेलं. एवढंच. तबकडी कुठली, काटे कुठले, काचेभोवतीचं बेझल कुठलं, याबद्दल ती नोंद मुकी असते. हा मुकेपणा किती महाग पडू शकतो, हे नोव्हेंबर २०२१मध्ये दिसलं. सीके २९१५-१ या पहिल्या पिढीतलं, उन्हानं तपकिरी झालेल्या तबकडीचं एक स्पीडमास्टर जिनिव्हाच्या लिलावात ३१,१५,५०० स्विस फ्रँकला गेलं. अंदाज ८०,००० ते १,२०,०००चा होता. घेणारी संस्था ओमेगाचंच संग्रहालय होती. २०२३मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की ते घड्याळ वेगवेगळ्या भागांची जुळवणी करून तयार केलं होतं, भाग बहुतांशी अस्सल ओमेगाचेच होते, आणि या प्रकरणात तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. विक्रीपूर्वी अनुक्रमांक आणि मॉडेलची खातरजमा ओमेगाकडून करून घेतली होती, असं लिलावगृहाचं म्हणणं होतं. दोन्ही बाजूंच्या विधानांतून एक गोष्ट उघड होते : नोंदवहीनं ज्याची साक्ष दिली नव्हती, तेही तिच्याच नावावर मान्य झालं. प्रत्येक भाग खरा असूनही संपूर्ण वस्तू खोटी असू शकते.

म्हणून नोंदवही जिथे थांबते, तिथे घड्याळाच्या अंगाची साक्ष घ्यावी लागते, आणि ती साक्ष मोजता येते. १९५७च्या, म्हणजे पहिल्या पिढीच्या, तबकडीवर रेडियमचा लेप होता. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं, त्यामुळे लेप चमकेनासा झाला तरी किरणोत्सार मोजणारं यंत्र तिथे आजही बोललं पाहिजे. गप्प राहिलं तर तबकडी किंवा लेप नंतरचा. साठच्या दशकात ट्रिटियम आलं आणि तबकडीच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ छापला जाऊ लागला. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे साठ वर्षांत त्यातलं तीन टक्क्यांच्या आसपास उरतं. १९६५चं घड्याळ रात्री लखलखत असेल, तर त्यावर नव्यानं लेप चढवला आहे. बेझलवरही खूण आहे : सत्तरीच्या आधीच्या बेझलवर टॅकीमीटरच्या ९० या आकड्याचा ठिपका आकड्याच्या वर असतो, नंतर अनेक वर्षं बेझलवर तो बाजूला आला. रेडियमचा लेप खरवडू नये, ही सूचना मात्र इतिहासासाठी नाही, कारागिराच्या फुप्फुसांसाठी आहे.

मुंबईच्या बाजारात जुन्या घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून, भडक रंगांत विकण्याचा व्यवसाय अनेक वर्षं चालत आला आहे, आणि परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना शहराच्या नावानं ओळखतात. त्या कारागिरांच्या हातात कसब आहे यात शंका नाही. स्वस्तात चालणारं घड्याळ हवं असणाऱ्या गिऱ्हाइकाचं त्यात काही बिघडतही नाही. हानी होते ती रंगवलेली तबकडी मूळ म्हणून विकली जाते तेव्हा.

कंपनीनं स्वतः काय केलं, हेही दफ्तरात आहे. २०१९मध्ये ओमेगानं कॅलिबर ३२१ पुन्हा बनवत असल्याचं जाहीर केलं. त्यासाठी मूळ आराखडे अभ्यासले गेले आणि सर्नन यांच्या त्या १०५.००३चं टोमोग्राफीनं स्कॅनिंग केलं गेलं. जे घड्याळ चंद्रावर गेलं होतं, त्याच्या आतलं मशीन अशा रीतीनं मोजलं गेलं. हे शक्य झालं, कारण त्या घड्याळाचं अंग साक्ष देण्याजोगं उरलं होतं.

यावरून जीर्णोद्धाराचा क्रम ठरतो. आधी फोटो आणि नोंद, मग नोंदवहीशी ताडणी, मग मशीनची सफाई आणि तेलपाणी. झिजणाऱ्या गोष्टी बदलाव्यात : मेन स्प्रिंग, वॉशर, तडा गेलेली काच. काच बदलताना मधोमध ओमेगाची सूक्ष्म खूण असलेलीच घ्यावी. तबकडी, काटे, बेझल यांना हात लावण्याआधी थांबावं. केस पॉलिश केली, की कडा गोल होतात आणि परत कधीच येत नाहीत. मागच्या झाकणाच्या आत पूर्वीच्या घड्याळजींनी खरडलेल्या तारखा आणि खुणा असतील, तर त्या घासून काढू नयेत. प्रत्येक खूण म्हणजे त्या घड्याळाच्या चरित्रातली तारीखवार नोंद असते.

आणि काही बदलावंच लागलं, तर काढलेला भाग पुडीत घालून मालकाच्या हाती द्यावा, बदललेल्या प्रत्येक भागाचं नाव पावतीवर तारखेसह लिहावं. जिनिव्हात एवढी मोठी फसवणूक खपली, त्यात नोंदवहीच्या मुकेपणाचाही वाटा होता. अशी पावती त्या घड्याळाजवळ असती, तर निदान शंका घ्यायला आधार मिळाला असता. नासाच्या अहवालानं ओमेगाच्या चुकाही लिहून ठेवल्या, म्हणूनच त्याच्या पास होण्यावर आपण विश्वास ठेवतो. दुरुस्तीच्या पावतीलाही तोच नियम लागू आहे. काय जुनं राहिलं, काय नवं आलं, हे खरेपणानं लिहिणारा कारागीर पुढच्या पिढीला इतिहासाचं एक अस्सल पान देऊन जातो.