काम कुठे अडलं? एका तक्त्याची गोष्ट

आजच्या भागात राजा नाही आणि लढाईही नाही. आज एका तक्त्याचा इतिहास पाहायचा आहे.

डावीकडे कामांची यादी, वर तारखा आणि प्रत्येक कामासमोर त्याला लागणाऱ्या दिवसांइतकी लांब आडवी पट्टी. बांधकामाच्या साइटवर, ऑफिसात किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हा तक्ता तुम्ही पाहिला असेल. त्याला गँट चार्ट म्हणतात. नाव अमेरिकन माणसाचं, पण गोष्ट सुरू होते पोलंडमध्ये.

कारोल अदामिएत्स्की हे पोलिश अभियंते रोलिंग मिलमध्ये काम करत. तिथे एक टप्पा रेंगाळला की पुढचे सगळे हात बांधून बसतात. टप्प्यांचा मेळ बसावा म्हणून 1896 साली त्यांनी ‘हार्मोनोग्राम’ तयार केला. त्यात प्रत्येक कामाची कागदी पट्टी वेगळी होती आणि ती सरकवता येई. हे काम कोणत्या कामानंतर सुरू होणार आणि याच्यावर पुढचं कोणतं अवलंबून आहे, याची नोंदही तिथेच असे. पण अदामिएत्स्कींनी लिहिलं ते पोलिश आणि रशियन भाषांत. इंग्रजी जगाला त्याचा फारसा पत्ता लागला नाही.

हेन्री गँट यांचा जन्म 1861चा, अमेरिकेतल्या मेरीलँडचा. 1887 साली ते मिडव्हेल स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर यांच्यासोबत काम करू लागले. टेलर म्हणजे घड्याळ लावून कामगाराच्या कामाचं मोजमाप करणारे. गँट त्यांचेच सहकारी, पण त्यांचा प्रश्न हळूहळू बदलत गेला. यंत्र किंवा माणूस रिकामा असेल, तर का? माल आला नाही? हत्यार नाही? यंत्र दुरुस्तीला गेलंय? त्यांच्या पद्धतीच्या तक्त्यांत ही कारणं अक्षरांच्या खुणांनी नोंदली जात. म्हणजे काम अडलं तर बोट थेट कामगाराकडे जात नसे. माल वेळेवर न पुरवणारा व्यवस्थापकही उघडा पडे. मंडळी, या तक्त्याची खरी ताकद इथे आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेला दारूगोळा आणि जहाजं घाईने हवी होती. तिथे गँट यांचे तक्ते वापरले गेले. ठरलेलं काम आणि झालेलं काम शेजारीशेजारी दिसू लागलं. 1919 साली गँट वारले. 1922 मध्ये त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी या तक्त्यावर पुस्तक लिहिलं, त्याची अनेक भाषांत भाषांतरं झाली आणि नाव पक्कं झालं. गंमत पाहा, भांडवलशाही कारखान्यात वाढलेला हा तक्ता पुढे सोव्हिएत नियोजनातही पोहोचला. वॉल्टर पोलाकोव्ह यांनी तो तिथे नेला.

एक उणीव मात्र होती. एक काम दुसऱ्यासाठी कसं थांबलंय, हे गँट यांच्या रेघांत नीट दिसत नसे. ते दाखवणाऱ्या बाणांच्या जाळ्या 1957-58 च्या सुमारास आल्या. ड्यूपाँट कंपनीत सीपीएम आणि अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट. आजच्या सॉफ्टवेअरमधला गँट चार्ट या दोन्हींचं मिश्रण आहे. अदामिएत्स्कींच्या पट्ट्यांत मात्र हे नातं साठ वर्षं आधीच होतं.

आता हे आपल्या उपयोगाचं कसं? इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, महाराष्ट्र मंडळाचं नाटक बसवायचंय असं समजा. तारीख ठरली, कामं वाटली, रंगीत तक्ता ग्रुपवर टाकला आणि पुन्हा कोणी उघडला नाही, तर ती नुसती शोभा. दर आठवड्याला त्यात झालेलं काम भरा. नेपथ्य रखडलं तर सुताराला बोलण्याआधी विचारा, त्याला लाकडाचे पैसे मिळाले का? वर्गणीच गोळा झाली नसेल, तर अडथळा खजिनदाराच्या ओळीत आहे. तक्त्यात ते सगळ्यांना दिसतं, आणि मग भांडण कमी होऊन उपाय लवकर सापडतो.

पुढच्या भागात पोलारिस आणि पर्टची गोष्ट. तोवर नमस्कार.