सॉफ्टवेअर विकसनासाठीचा शैक्षणिक मार्ग (महाराष्ट्र)

सॉफ्टवेअर विकसनासाठीचा शैक्षणिक मार्ग म्हणजे शालेय शिक्षणापासून सॉफ्टवेअर विकासकाच्या पहिल्या नोकरीपर्यंत विद्यार्थ्याने निवडावयाच्या अभ्यासक्रमांचा, परीक्षांचा व कौशल्यांचा क्रम होय. वैद्यक, वकिली किंवा वास्तुरचना या व्यवसायांसाठी वैधानिक परिषदेकडे नोंदणी करावी लागते. भारतात सॉफ्टवेअर विकसनासाठी अशी नोंदणी किंवा परवाना लागत नाही. त्यामुळे या व्यवसायात प्रवेश करण्याच्या वाटा अनेक आहेत. मात्र प्रत्येक वाटेचा कालावधी, खर्च आणि पुढील संधी वेगवेगळ्या असून काही निर्णय एकदा घेतल्यावर बदलणे कठीण जाते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील शिक्षणव्यवस्थेच्या चौकटीत या वाटांचा परिचय करून दिला आहे.

## पार्श्वभूमी

महाराष्ट्राचा सॉफ्टवेअर उद्योगाशी संबंध जुना आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी १९६८ साली मुंबईत सुरू झाली. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली व पुढे तिचे मुख्यालय बंगळुरूला गेले. प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक १९८८ साली पुण्यात स्थापन झाले आणि १९९१ मध्ये त्याने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी १९९० साली पुण्यातच उभी राहिली. पुण्याजवळील हिंजवडी येथील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, नवी मुंबई आणि नागपूरचा मिहान प्रकल्प ही या उद्योगाची राज्यातील परिचित केंद्रे आहेत.

उद्योगाच्या वाढीबरोबर संगणकशिक्षणाचाही विस्तार झाला. १८५४ ची परंपरा असलेले पुण्याचे सीओईपी, १८८७ साली स्थापन झालेले मुंबईचे व्हीजेटीआय, १९४७ साली सुरू झालेले सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, १९५८ साली स्थापन झालेली मुंबईची आयआयटी आणि १९६० सालचे नागपूरचे व्हीएनआयटी या संस्थांमध्ये संगणकविषयक पदव्यांचे शिक्षण दिले जाते.

## दहावीपर्यंतची तयारी

शालेय वयात एखादी विशिष्ट संगणकभाषा येण्यापेक्षा गणित, तर्कशुद्ध विचार आणि वाचन यांचा पाया पक्का असणे अधिक उपयोगी ठरते. मोठ्या प्रश्नाचे लहान भाग पाडणे, पायऱ्या क्रमाने मांडणे आणि चूक कोठे झाली हे शोधणे या सवयी भूमितीतील सिद्धता लिहितानाही लागतात आणि आज्ञावली लिहितानाही लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक स्तरापासून संकेतलेखनाची ओळख करून देण्याचा उल्लेख आहे. गोव्यात शालेय विद्यार्थ्यांना संकेतलेखन व यंत्रमानवशास्त्र शिकविण्याची शासकीय योजना राबविली जाते.

लहान वयातील मुलांसाठी ठोकळे जोडून आज्ञावली तयार करण्याची 'स्क्रॅच' ही भाषा २००७ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. आठवी-नववीपासून 'पायथॉन' शिकता येते. वाचन व चित्रफिती पाहणे मोबाइलवर साध्य होते. आज्ञावली लिहिण्याच्या नियमित सरावासाठी मात्र कळफलक असलेला संगणक लागतो. घरी संगणक नसल्यास शाळेच्या प्रयोगशाळेत आठवड्यातून काही तास मिळणे महत्त्वाचे ठरते.

दहावीचे गुण केवळ अकरावीच्या प्रवेशापुरते नसतात. महाविद्यालयात नोकरभरतीसाठी येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी (किंवा पदविका) आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर ६० टक्के गुणांची अट घालतात.

## दहावीनंतरचा निर्णय

या टप्प्यावर पुढील प्रमुख पर्याय असतात.

विज्ञान शाखा. अभियांत्रिकी पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असावे लागतात. अकरावीत गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेतल्यास अभियांत्रिकीची नेहमीची वाट बंद होते. शाखानिवडीच्या वेळी सर्वाधिक विचार करण्यासारखी बाब हीच आहे. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत संगणकशास्त्र हा २०० गुणांचा द्विलक्ष्यी विषय आणि माहिती तंत्रज्ञान हा १०० गुणांचा विषय प्रचलित आहे. हे विषय उपयुक्त आहेत, परंतु संगणक अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी ते अनिवार्य नाहीत.

तंत्रनिकेतन. दहावीनंतर संगणक अभियांत्रिकी किंवा माहिती तंत्रज्ञान या विषयातील तीन वर्षांची पदविका घेता येते. तिची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. पदविकाधारकाला पदवीच्या थेट द्वितीय वर्षात गुणवत्तेनुसार प्रवेश मिळू शकतो व त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागत नाही. प्रत्यक्ष कामाची आवड असलेल्या, तसेच लवकर कमाई सुरू करण्याची गरज असलेल्या विद्यार्थ्यांना ही वाट सोयीची ठरते. पदवीच्या द्वितीय वर्षातील गणित पदविकेच्या गणिताहून अवघड असल्याने त्याची पूर्वतयारी करावी लागते.

वाणिज्य व कला शाखा. या शाखांतून बारावी झालेल्या विद्यार्थ्यांना बीसीए यांसारख्या पदव्यांचा मार्ग खुला असतो. पुढे एमसीए करावयाचे असल्यास बारावीला किंवा पदवीला गणित असणे हिताचे असते. म्हणून वाणिज्य शाखेतील अशा विद्यार्थ्याने गणित हा विषय राखणे इष्ट मानले जाते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था. आयटीआयमध्ये 'कोपा' या नावाने ओळखला जाणारा, संगणकचालक व आज्ञावली साहाय्यक हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यातून कार्यालयीन संगणककाम व प्राथमिक आज्ञावलीलेखन येते. विकासक होण्यासाठी त्यापुढे आणखी शिक्षण आवश्यक असते.

## अभियांत्रिकी पदवीचा प्रवेश

राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्रवेश प्रामुख्याने एमएचटी-सीईटी या परीक्षेच्या आधारे केंद्रीभूत पद्धतीने होतात. ही परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या गटाची परीक्षा २०० गुणांची असून त्यात गणिताला १०० आणि उरलेल्या दोन विषयांना प्रत्येकी ५० गुण असतात. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या व ८० टक्के प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. निम्मे गुण गणिताचे असल्यामुळे बारावीच्या गणिताची तयारी येथे निर्णायक ठरते.

व्हीएनआयटी, नागपूर व पुणे येथील आयआयआयटी, गोव्यातील एनआयटी इत्यादी संस्थांतील प्रवेश जेईई मेन या परीक्षेतून, तर मुंबई व गोवा येथील आयआयटींतील प्रवेश त्यापुढील जेईई ॲडव्हान्स्ड या परीक्षेतून होतात. या संस्थांसाठी सर्वसाधारण प्रवर्गातील विद्यार्थ्यास बारावीत ७५ टक्के गुण मिळविणे किंवा आपल्या मंडळातील पहिल्या २० टक्के विद्यार्थ्यांत असणे आवश्यक असते. जेईई ॲडव्हान्स्ड ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. म्हणून एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो.

## अभियांत्रिकीखेरीज अन्य पदव्या

बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र आणि बीएस्सी माहिती तंत्रज्ञान या पदव्या सामान्यतः तीन वर्षांच्या आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षाचा पर्यायही आता दिला जातो. बीसीए हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्यानंतर महाराष्ट्रात २०२४ पासून त्याच्या प्रवेशासाठी स्वतंत्र सामाईक परीक्षा सुरू झाली. एमसीए ही पदव्युत्तर पदवी पूर्वी तीन वर्षांची होती व २०२०-२१ पासून ती दोन वर्षांची झाली.

नोकरी किंवा घरची जबाबदारी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उपयोगी पडते. हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. मद्रास आयआयटीने २०२० मध्ये विदाविज्ञानाचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही. संस्थेची पात्रता फेरी उत्तीर्ण होणाऱ्यास प्रवेश मिळतो आणि दुसऱ्या पदवीबरोबरही तो करता येतो.

## वाटांची कालावधीनुसार तुलना

दहावी उत्तीर्ण झाल्यापासून मोजल्यास, एकही वर्ष वाया न जाता, लागणारा काळ असा :

* बारावी विज्ञान (२) + अभियांत्रिकी पदवी (४) = ६ वर्षे
* पदविका (३) + थेट द्वितीय वर्षातून पदवी (३) = ६ वर्षे
* बारावी विज्ञान (२) + थेट द्वितीय वर्षातून पदविका (२) + थेट द्वितीय वर्षातून पदवी (३) = ७ वर्षे
* बारावी (२) + बीसीए किंवा बीएस्सी (३) + एमसीए (२) = ७ वर्षे
* बारावी (२) + बीसीए किंवा बीएस्सी (३) = ५ वर्षे

पदविकेच्या वाटेने गेल्यास वर्ष वाया जाते, हा समज प्रचलित आहे. वरील हिशेब पाहता तो बरोबर नाही. पहिल्या दोन वाटांना सारखाच काळ लागतो. तिसरी वाट बारावीत किंवा प्रवेश परीक्षेत अपेक्षित यश न मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. तिला एक वर्ष अधिक लागते, परंतु तिचा शेवटही अभियांत्रिकी पदवीतच होतो.

## शिक्षणाचे माध्यम व इंग्रजी

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना बारावीपर्यंत परिचित असलेल्या संकल्पना पदवीच्या पहिल्या वर्षी इंग्रजीतून भेटतात, आणि विषय अवघड आहे की भाषा, हे त्यांना कळेनासे होते. अनेक मराठी शाळांतील सेमी-इंग्रजी पद्धतीत गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविले जात असल्याने हे अंतर काहीसे कमी होते.

एमएचटी-सीईटीमध्ये भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिका मराठीतही मिळतात, गणिताची मात्र इंग्रजीतच असते. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत घेतली जाते. पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१-२२ पासून संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून शिकविण्यास प्रारंभ केला. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील अनेक पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत.

संकल्पना मातृभाषेतून समजून घेणे आणि व्यवसायाचे दस्तऐवज इंग्रजीतून वाचणे या दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. संगणकभाषांचे संकेतशब्द, त्रुटींचे संदेश व संदर्भपुस्तिका प्रायः इंग्रजीत असतात. त्यामुळे अस्खलित संभाषणापेक्षा तांत्रिक मजकूर वाचून समजण्याची क्षमता आधी मिळवावी लागते.

## शुल्क व अर्थसाहाय्य

अनेक कुटुंबांत अभ्यासक्रमाची निवड प्रवेशापेक्षा शुल्कावर ठरते. वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काची अर्धी रक्कम मिळते. याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ करण्यात आले आहे. अनुसूचित जाती-जमाती व अन्य प्रवर्गांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या आहेत. शिक्षण शुल्क माफी योजनेत मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के अतिरिक्त जागा असतात आणि त्यांचा पर्याय केंद्रीभूत प्रवेशाच्या अर्जातच नोंदवावा लागतो.

शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरले जातात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला व जातवैधता प्रमाणपत्र मिळण्यास वेळ लागतो. म्हणून ही कागदपत्रे अकरावी-बारावीच्या काळातच काढून ठेवणे आवश्यक असते.

## पदवीच्या काळातील अध्ययन

विदारचना, प्रश्न सोडविण्याच्या पद्धती, विदागार व्यवस्थापन, कार्यप्रणाली आणि संगणकजाळी हे या शिक्षणाचे मूळ विषय आहेत. मुलाखतींत प्रामुख्याने यांवरच प्रश्न विचारले जातात. पहिल्या वर्षी एकच भाषा नीट शिकणे, दुसऱ्या वर्षी विदारचनेचा कसून सराव करणे, तिसऱ्या वर्षी दोन-तीन जणांनी मिळून एखादे उपयोगी काम पूर्ण करणे आणि चौथ्या वर्षापूर्वी उन्हाळी अंतर्वासिता मिळविणे, असा क्रम उपयुक्त ठरतो. गावातील ग्रंथालयाची पुस्तकनोंद किंवा दूध संकलन केंद्राचा हिशेब अशा ओळखीच्या गरजेतून केलेला प्रकल्प विद्यार्थ्याला पूर्णपणे समजावून सांगता येतो. उतरवून घेतलेला प्रकल्प मुलाखतीतील दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो. सर्व आवृत्त्यांची नोंद ठेवणारी 'गिट' ही २००५ साली निर्माण झालेली प्रणाली अवगत असणे आता गृहीत धरले जाते.

२०२२ च्या अखेरीपासून आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वत्र वापरात आली. त्यांनी दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरविण्याचे काम माणसाकडेच राहते, आणि त्यासाठी मूळ विषयांचे ज्ञान लागते.

## पदवीनंतरचे पर्याय

गेट परीक्षेद्वारे एमटेकला प्रवेश मिळतो. सी-डॅकच्या प्रगत संगणन पदव्युत्तर पदविकेचा कालावधी सुमारे सहा महिने असून प्रवेशासाठी सी-कॅट ही परीक्षा असते. अन्य अभियांत्रिकी शाखांचे पदवीधरही या वाटेने सॉफ्टवेअर क्षेत्रात येतात.

## प्रचलित गैरसमज

* २००१ साली सुरू झालेला एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. शासकीय सेवेसाठी तो ग्राह्य धरला जातो, परंतु त्यातून विकासक घडत नाही.
* 'नोकरीची हमी' देणाऱ्या खासगी वर्गांचे प्रमाणपत्र पदवीची जागा घेत नाही. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची विद्यापीठ संलग्नता, तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता व शुल्क परताव्याच्या लेखी अटी तपासणे आवश्यक आहे.
* अभियांत्रिकी पदवी नसल्यास या क्षेत्रात प्रवेशच मिळत नाही, असे नाही. अनेक मोठ्या कंपन्या बीसीए व बीएस्सी पदवीधरांचीही भरती करतात. मात्र आरंभीचे वेतन व पद यांत फरक असू शकतो.

## हेही पहा

* संगणक अभियांत्रिकी
* महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ
* प्रगत संगणन विकास केंद्र
* राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०