पदवीचा निकष

रायपूरचा सदर बाजार ही सराफांची पेठ. सोने ज्या दगडावर कसास लावतात, त्याला संस्कृतात ‘निकष’ म्हणतात. मुलांच्या विद्यापीठ-प्रवेशाविषयी सल्ला विचारणाऱ्या पालकांना म्हणूनच मी याच शहराचा इतिहास सांगतो.

छत्तीसगढ राज्य २००० साली अस्तित्वात आले. २००२ च्या खासगी विद्यापीठ कायद्याने शासनास केवळ राजपत्रातील अधिसूचनेद्वारे विद्यापीठ स्थापन करता येऊ लागले. सुमारे वर्षभरात अशी ११२ विद्यापीठे निर्माण झाली. त्यांतील अनेकांना इमारतही नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने कायद्याची कलमे ५ व ६ रद्द ठरवली आणि ती विद्यापीठे संपुष्टात आली. विद्यार्थ्यांच्या हितासाठी त्यांच्या संस्था राज्यातील जुन्या विद्यापीठांशी संलग्न करण्याची वाट तेवढी मोकळी ठेवली गेली.

अधिसूचना बनावट नव्हत्या, हे ध्यानी घ्यावे. म्हणून पालकांनी राजमुद्रा पाहून थांबू नये. अध्यापक, ग्रंथालय, प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी. प्रवेशाचा निकष मुलास लागतो, तसा तो संस्थेसही लावावा.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांनी आणखी एक जाणावे. एनआयटीतील गृहराज्याच्या निम्म्या जागांसाठी बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झाली, हे पाहतात. मूळ गाव वा मातृभाषा नव्हे. रायपुरात बारावी झालेल्या मुलाचा तो हक्क रायपूरच्या एनआयटीत आहे, नागपूरच्या नव्हे. हा विचार दहावीनंतरच व्हावा, असे मला वाटते.