थांबलेल्या गाडीचा पंखा

पेट्रोल इंजिनबद्दलची एक गोष्ट जाहिरातीत कधी सांगत नाहीत. टाकीत भरलेल्या पेट्रोलमधली जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढायच्या कामी येते. बाकीची उष्णता होते. काही सायलेन्सरमधून निघून जाते, काही इंजिनच्या धातूत साठते. ती बाहेर काढली नाही, तर इंजिन जाम होतं. त्यामुळे मोटारीचा इतिहास जितका वेगाचा, तितकाच उष्णता घालवण्याचा आहे. आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्याची गाठ जास्त करून या दुसऱ्या इतिहासाशी पडते.

सुरुवात १८८८ पासून करू. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. त्या गाडीत पाणी उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. इंजिन थंड ठेवायची पद्धतच ती होती. म्हणून वाटेत जिथे पाणी मिळेल तिथे थांबायचं आणि भरायचं. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासात इंधनाइतकीच पाण्याचीही चिंता होती.

उडून जाणारं पाणी तेच ते परत वापरायचं, तर ते गार करायला हवं. यावरचा मोठा तोडगा विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली काढला. मर्सिडीज ३५ एचपी या गाडीसाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांमधून वारा जायचा आणि भोवतालचं पाणी गार व्हायचं. रेडिएटरच्या मागे मायबाखनी एक पंखाही बसवला. गाडी पळत असताना वारा आपोआप मिळतो. पंखा लागतो तो गाडी रेंगाळते किंवा थांबते तेव्हा.

पण त्या काळी पंखा फिरवायचा कसा? इंजिनच्याच जोरावर. पुढची कित्येक दशकं बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनवरून एक पट्टा पंख्याला जोडलेला असायचा. आपल्याकडच्या गॅरेजच्या भाषेत फॅन बेल्ट. यात एक गोम होती. इंजिन जोरात फिरलं की पंखा जोरात, इंजिन मंद झालं की पंखाही मंद. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर, जिथे गरज नाही तिथे तो ताकद खात गरगरायचा. आणि गर्दीत अडकल्यावर, खरी गरज असताना, सुस्त व्हायचा.

महाराष्ट्रातल्या एका पिढीने हे बोरघाटात अनुभवलं. अ‍ॅम्बॅसिडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, दोन्ही पट्ट्यावरच्या पंख्याच्या गाड्या. माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खंडाळ्याचा चढ चढायची. इंजिनवर भार पुरेपूर, समोरून वारा जवळपास नाही. मग वळणावर बॉनेट उघडून गाडी उभी, आणि डिकीतून पाण्याचा कॅन बाहेर. गाडी ‘उकळली’ हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता. अनुभवी ड्रायव्हर काट्याकडे बघत, इंजिनचा आवाज ऐकत, उकळायच्या आधीच थांबायचा. गाडी गार ठेवणं हे त्याचं कसब होतं.

पट्ट्यावरच्या पंख्याला खरा धक्का दिला तो इंजिनच्या दिशेने. १९५९ साली ब्रिटनमध्ये मिनी आली. छोट्या गाडीत माणसांना जागा मिळावी म्हणून अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी तिचं इंजिन आडवं बसवलं. आता इंजिनचं तोंड बाजूला. पंखा इंजिनवरच चालवायचा, म्हणून त्यांनी रेडिएटरच उचलून चाकाशेजारी नेला. पुढच्या आडव्या इंजिनांच्या गाड्यांनी रेडिएटर पुन्हा समोर आणला आणि पंख्याला स्वतःची विजेची मोटर दिली.

भारतात ही रचना घरोघरी पोचवली मारुती ८००ने. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी तिच्या पहिल्या ग्राहकाला चावी दिली. या गाडीचा पंखा विजेवर चालायचा. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की स्विच लागायचा, गार झालं की बंद. इंजिन मंद असलं तरी पंखा पूर्ण वेगात. ड्रायव्हरचं कसब एका सेन्सरकडे गेलं आणि आपण काट्याकडे बघणं सोडून दिलं. आज अनेक गाड्यांमध्ये तो काटाही नसतो, फक्त एक दिवा असतो. तो लाल होईपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो.

गाडी सेकंडहँड होते तेव्हा हे कसब पुन्हा माणसाकडे येतं. दहा वर्षांत तिच्यावर कुणीकुणी जुगाड केलेले असतात. सेन्सर बिघडला की काही गॅरेजवाले पंखा ‘डायरेक्ट’ करतात. चावी फिरवली की पंखा सुरू, कायमचा. मूळ बिघाड झाकला जातो. कुणी थर्मोस्टॅटच काढून टाकलेला असतो, मग इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. कुणी कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं असतं. त्याने आत गंज आणि क्षार साठतात, नळ्या तुंबतात. हेड गॅस्केट उडालं, तर खर्च स्वस्तात घेतलेल्या गाडीच्या किमतीच्या तोंडात मारेल असा.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच जा. आधी कूलंटचा रंग पाहा. गढूळ तांबूस असेल तर सावध व्हा. इंजिन गरम असताना मात्र रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नका. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि ते थेट तोंडावर येतं. मग एसी बंद ठेवून गाडी पंधरा-वीस मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवा. पंखा आपोआप सुरू व्हायला हवा, थोड्या वेळाने बंद व्हायला हवा, आणि पुन्हा सुरू. काटा मध्यावर थांबायला हवा. विकणारा घाई करत असेल, ‘चला, एक चक्कर मारू’ म्हणत असेल, तर त्याला म्हणा, चक्कर नंतर मारू. चालत्या गाडीत वारा लागतो आणि पंख्याचा बिघाड लपतो. तो उभ्या गाडीतच पकडता येतो.